जायरफाल्कन: रानातला वेगळा, चित्रातला वेगळा

१६१९ साली इराणच्या शाह अब्बासने जहांगीर बादशहाला एक ससाणा भेट म्हणून पाठवला, आणि सांभाळणाऱ्या मीरशिकारच्या हलगर्जीपणामुळे त्याला मांजराने धरलं. म्हणजे बघा, एवढ्या लांबून आणलेला, राजाने राजाला दिलेला पक्षी, आणि घात कोणी केला तर मांजराने. दरबारात पोचला खरा, पण आठवड्याच्या वर काही जगला नाही. जहांगीरने हे सगळं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, या पक्ष्याच्या रंगाबद्दल काय आणि किती लिहू असं म्हणतो तो, पंखांवर, पाठीवर, कुशीवर काळ्या खुणा फार सुंदर होत्या म्हणतो, आणि असा पक्षी पुन्हा कुठे बघायला मिळणार म्हणून दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरला हुकूम सोडतो की याचं चित्र काढून ठेव.

आठवणींत त्याला शुंकार म्हटलंय आणि जाणकार लोक तो जायरफाल्कन असावा असं मानतात. जगातला सगळ्यात मोठा ससाणा. राहतो कुठे, तर अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि तिथून पुढे रशियाचा सगळा थंडगार वरचा पट्टा. आणि गंमत अशी की ज्या वर्षी हा पक्षी मुघल दरबारात येऊन मेला त्या वर्षी आपला खान्देश त्याच बादशहाचा सुभा होता, असीरगड १६०१ मधे अकबराच्या हातात गेला तेव्हापासून, आणि कारभार चालायचा बुऱ्हाणपुरातून. म्हणजे बर्फातला हा पक्षी खान्देशावर राज्य करणाऱ्या माणसाने डोळ्यांनी बघितला, त्याचं चित्र काढून घेतलं, पण तो कुठल्या कड्यावर जन्मतो, काय खातो, हिवाळ्यात कुठे जातो, यातलं त्याला काय माहिती असणार. त्यालाच काय, शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या पक्षीशास्त्रज्ञांनासुद्धा त्यातलं फार थोडं माहीत होतं. या पक्ष्याला माणसाने हजारेक वर्षं हातावर बसवलं, विकलं, नजराणा म्हणून दिलं, रंगवलं, आणि तो रानात जगतो कसा याचा नीट पत्ता मात्र गेल्या चाळीसेक वर्षांत लागायला लागला. हेच जरा सोपं करून सांगतो.

आधी पक्षी. जायरफाल्कनची मादी सव्वा किलोपासून दोन किलोपर्यंत भरते, नर आठशे ग्रॅमपासून साडेतेराशे ग्रॅमपर्यंत. शिकारी पक्ष्यांमधे बहुतेक ठिकाणी मादीच दांडगी असते, तसंच इथे. मोठ्या मादीचे पंख पसरले की दीड मीटरच्या पुढे जातात. आपल्या गावावर फिरणारी घार पंखांनी जवळपास तेवढीच दिसते पण वजन केलं तर जायरची मादी घारीच्या दुप्पटीच्या आसपास जाईल, छाती भरलेली, शेपूट लांब, पायांवर अर्ध्यापर्यंत पिसं, थंडीचा बंदोबस्त सगळा अंगावरच.

इथे एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहिती नसते. ससाणा आणि गरुड दिसायला एकाच घरातले वाटतात, बाकदार चोच, नखं, तोच तोरा, पण नातं तसं नाहीये. २००८ च्या आसपास डीएनएचा मोठा अभ्यास झाला त्यात कळलं की ससाण्यांचं जवळचं नातं पोपटांशी आणि चिमणी-बुलबुलसारख्या पक्ष्यांशी आहे, गरुड-घारी वेगळ्याच फांदीवर. शिकार करून पोट भरायचं म्हटल्यावर दोघांचं अंग सारखं घडत गेलं एवढंच. फरक बघायचा तर ससाण्याच्या वरच्या चोचीला कडेला एक दातासारखा कंगोरा असतो, त्याने तो शिकारीची मान मोडतो. गरुड पंजानेच काम उरकतो.

जायर आपल्याकडे रानात येत नाही, पण त्याचा भाऊबंद इथे आहे. जायर, सेकर, लॅनर आणि आपला लग्गड ससाणा, हे चौघं ससाण्यांमधले अगदी जवळचे नातेवाईक. सेकर हिवाळ्यात भारताच्या वायव्येला उतरतो. लग्गड मात्र पक्का देशी, धुळे-नंदुरबार-जळगावच्या कोरडवाहू मोकळ्या माळावर, विजेच्या टॉवरवर बसलेला, नशीब असेल तर दिसतो आणि दिवसेंदिवस कमी दिसतो. लोक जायरच्या फोटोवर वा वा करतात आणि टॉवरवर बसलेल्या लग्गडकडे बघतसुद्धा नाहीत, याचा मला राग येतो, पण जाऊ द्या, आजचा विषय तो नाही.

आता रंग. इथेच सगळा घोळ झाला, आणि चित्रकारांनी त्यात भरच घातली.

जायरफाल्कन एका रंगाचा नसतो. ग्रीनलंडच्या उत्तरेला तो जवळजवळ पांढराशुभ्र, अंगावर थोडे काळे ठिपके. आइसलंडमधे करडा. कॅनडाच्या लॅब्राडोर बाजूला इतका गडद की लांबून काळाच म्हणाल. मधल्या सगळ्या छटाही आहेत. आणि हे सगळे एकमेकांत जोड्या करतात, एकाच घरट्यात फिकट आणि गडद पिल्लं निघू शकतात. रंगाच्या मागे जे जीन आहेत त्यातला एक म्हणजे एमसीवनआर, पिसांत काळा रंग किती भरायचा हे ठरवण्यात त्याचा हात असतो, कोंबड्यांपासून घोड्यांपर्यंत बऱ्याच प्राण्यांच्या रंगात हाच जीन सापडतो. जायरमधे या जीनचे जे वेगवेगळे प्रकार आहेत त्यांचा पांढऱ्या रंगाशी संबंध दिसलाय. म्हणजे पांढरा आणि काळा ही एकाच पक्ष्याची दोन रूपं, दोन जाती नाहीत.

पण एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांना हे कुठून कळणार. त्यांच्यासमोर काय होतं, तर बोटीने आलेली वाळवलेली कातडी. ग्रीनलंडहून आलेलं कातडं पांढरं, आइसलंडचं करडं, लॅब्राडोरचं काळपट. त्यांनी सरळ तीन-चार वेगळे पक्षी केले, प्रत्येकाला वेगळं लॅटिन नाव. लिनियसने १७५८ मधे फाल्को रस्टिकोलस असं नाव देऊन ठेवलेलं होतंच, शेवटी सगळे फिरून त्याच एका नावाखाली आले.

ऑड्युबॉनचं उदाहरण घ्या. अमेरिकेतले पक्षी खऱ्या आकारात रंगवायचे असा हट्ट धरलेला माणूस, १८२७ ते १८३८ या काळात त्याच्या ग्रंथाची ४३५ चित्रं छापून झाली, एकेक कागद जवळपास मीटरभर उंच, कारण गरुडसुद्धा लहान करून काढायचा नाही म्हणे. १८३३ च्या ऑगस्टमधे तो लॅब्राडोरला होता, तिथे त्याच्या मुलाने आणि बरोबरच्या पोरांनी कड्यावर ओरडणारे दोन गडद ससाणे मारून आणले. ते झालं चित्र नंबर १९६, नाव दिलं लॅब्राडोर ससाणा. पुढे काही वर्षांनी, ग्रंथ संपत आलेला असताना, पांढऱ्या ससाण्यांची जोडी रंगवली, ते चित्र नंबर ३६६, नाव आइसलंडचा ससाणा किंवा ‘जर’, म्हणजे जायर, ससाणा. दोन्ही चित्रं एकाच पक्ष्याची! एकाच ग्रंथात, दोन वेगळ्या लॅटिन नावांनी. आणि दोन्ही इतकी देखणी आहेत की बघणाऱ्याला शंकाच येऊ नये. चित्र जितकं भारी तितकी त्यातली चूक पक्की बसते, निदान या बाबतीत तरी तसंच झालं असं मला वाटतं.

आता रानात हा करतो काय. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारतो, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. जायर सूर मारू शकतो पण त्याची खरी पद्धत वेगळी, जमिनीला लागून, टेकडीच्या आडून, बर्फाच्या उंचवट्यामागून येतो आणि शिकार उडाली की मागे लागतो. आणि मग सोडत नाही. अंगात ताकद एवढी की समोरचा पक्षी दमेपर्यंत पाठलाग.

समोरचा पक्षी म्हणजे बहुतेक वेळा टार्मिगन. आपल्या तित्तिराच्या जातकुळीतला, त्याच्यापेक्षा जाडजूड, पायाच्या बोटांपर्यंत पिसं, उन्हाळ्यात दगडांसारखा चट्टेपट्टे आणि हिवाळ्यात पूर्ण पांढरा. उन्हाळ्यात समुद्रपक्षी, बदकं, ससे, उंदीरवर्गीय प्राणी सगळं चालतं जायरला, पण वर्षाचा खरा आधार टार्मिगनचा. आणि टार्मिगनची एक भानगड आहे. वसंतात मादी लवकर रंग बदलते, मातकट होते, कारण तिला अंड्यांवर बसायचंय. नर मात्र माद्यांसमोर मिरवायला पांढराच राहतो, खाली बर्फ वितळून काळी जमीन उघडी पडलेली आणि त्यावर हा पांढरा ठिपका. जायरला आणखी काय पाहिजे. या दिवसांत तो नरच जास्त उचलतो. संशोधकांना असंही दिसलं की जोडी जमून काम झालं की हे नर अंगाला माती फासून मुद्दाम मळके होतात, जीव वाचवायला. म्हणजे लग्न होईपर्यंत पांढरी टोपी आणि नंतर शेतातले कपडे.

आइसलंडमधे टार्मिगनची संख्या साधारण दहाएक वर्षांच्या फेऱ्यात वर-खाली होत आलीय. ओलाफुर निल्सन नावाचे शास्त्रज्ञ तिथल्या ईशान्य भागात १९८१ पासून दोन्ही पक्षी मोजतायत, एकाच भागात, वर्षानुवर्षं तेच काम, अशा माणसांना खरंच दंडवत. त्यांना दिसलं की टार्मिगन वाढले की जायरही वाढतात, पण लगेच नाही, दोन-चार वर्षं उशिरा. का, ते आपल्याकडच्या माणसाला समजावायला अवघड नाही. कांद्याला एका वर्षी भाव आला की पुढच्या वर्षी साक्री-शिंदखेड्यात जो तो कांदाच लावतो, आणि माल मार्केटला येईपर्यंत भाव पडलेला असतो. जायरचंही तसंच, टार्मिगन भरपूर असताना पिल्लं भरपूर जगतात, पण ती पिल्लं मोठी होऊन स्वतःचा कडा धरायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर टार्मिगन उतरणीला लागलेले. मग जायर जास्त, खाणं कमी. भुकेच्या वर्षी बऱ्याच जोड्या अंडीच घालत नाहीत.

अंडी घालण्याचं टायमिंगही विचार करण्यासारखं आहे. जोड्या फेब्रुवारी-मार्चमधेच कड्यावर येतात, शून्याच्या खाली वीस-तीस अंश असताना. एप्रिलमधे अंडी, बहुतेक तीन-चार. मादी साधारण पस्तीस दिवस बसते, नर शिकार आणून देतो, जास्तीची शिकार कपारीत ठेवून देतात, आपोआप डीप फ्रीज. पिल्लं बाहेर येतात तेव्हा टार्मिगन भरपूर हाताशी, आणि सातेक आठवड्यांनी पिल्लं उडायला लागतात तेव्हा सगळ्या पक्ष्यांची कोवळी, न शिकलेली पिल्लं रानात फिरत असतात. सगळा हिशोब उन्हाळ्याच्या त्या थोड्या आठवड्यांसाठी.

घरटं हा स्वतः बांधत नाही. कड्यावरची कपार चालते, नाहीतर डोमकावळ्याचं जुनं काड्यांचं घरटं. आणि एकदा जागा चांगली निघाली, म्हणजे वरून छप्पर, खालून कोणी चढू नये अशी, की पिढ्यान् पिढ्या तिथेच. ग्रीनलंडमधे कांगरलुसुआकच्या भागात संशोधकांनी अशा घरट्यांच्या खाली साचलेल्या विष्ठेचा थर खणून कार्बन डेटिंग केलं, थंड कोरड्या हवेत ते कुजत नाही, साचतच जातं. सगळ्यात जुनं घरटं निघालं अडीच हजार वर्षांच्या आसपासचं. २००९ मधे हा अभ्यास छापून आला. आता आपल्या जळगावहून तास-सव्वा तासावर अजिंठा, तिथल्या सगळ्यात जुन्या लेण्यांचं काम इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातलं धरतात, म्हणजे वाघूर नदीच्या त्या कड्यात पहिली छिन्नी लागायच्या आधीपासून तिकडे त्या कपारीत ससाणे अंडी घालत होते. मधून मधून जागा रिकामीही राहिली असेल, पण पुन्हा आलेच. मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की एखादं शून्य चुकून जास्त पडलंय.

आणि हिवाळा. पिल्लं उडाली, अंधार पडायला लागला, मग हा जातो कुठे? बरेच दिवस समज असा की जमिनीवरच थोडा दक्षिणेला सरकत असेल. मग कर्ट बर्नहॅम आणि इयान न्यूटन यांनी ग्रीनलंडच्या ससाण्यांच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले आणि २०११ मधे निकाल छापला, तर काही पक्षी हिवाळ्यात सरळ समुद्रावर जाऊन राहतात असं दिसलं. समुद्रावर म्हणजे तरंगणाऱ्या बर्फावर, जमिनीपासून शेकडो किलोमीटर लांब, सलग चाळीस दिवसांपर्यंत. एक मादी दोनशे दिवसांत साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास फिरली, त्यातला अर्ध्याहून जास्त काळ ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रावर. बर्फावर बसायचं, पाण्यातले समुद्रपक्षी धरायचे. जमिनीवरचा ससाणा समुद्रपक्ष्यासारखा राहतोय हे कोणाच्या डोक्यात नव्हतं, आणि कुठल्याही जुन्या चित्रातही ते येणं शक्य नव्हतं. चित्रात काय असतं, तर दगड, दगडावर ससाणा, मागे ढग.

म्हणून आता चित्रांकडे येऊ, कारण ती खोटी आहेत असं मला म्हणायचं नाहीये. उलट कोणी काय बघून काढलं हे कळलं की चित्र जास्त मजा देतं.

सगळ्यात आधी सम्राट फ्रेडरिक दुसरा, तेराव्या शतकातला, इटलीत राहणारा, शिकारी पक्ष्यांचा नाद इतका की त्यावर लॅटिनमधे ग्रंथच लिहिला. त्याची मूळ प्रत १२४८ मधे पार्माच्या वेढ्यात हातची गेली म्हणतात, पण त्याच्या मुलाने, मॅनफ्रेडने, तयार करून घेतलेली प्रत आज व्हॅटिकनमधे आहे आणि तिच्या समासात शेकडो पक्षी काढलेत. फ्रेडरिकने ॲरिस्टॉटल चुकला तिथे चुकला असं सरळ लिहिलं, मी स्वतः बघितलंय ते लिहितो म्हणाला. त्या काळात हे मोठं धाडस. आणि सगळ्या ससाण्यांत पहिला मान त्याने जायरला दिला. पण तोही बघतो तो हातावरचा जायर, पायात चामड्याची वादी बांधलेला.

मग व्यापार. आइसलंड डेन्मार्कच्या ताब्यात होतं तेव्हा तिथले ससाणे पकडून राजाकडे जायचे, पांढऱ्याला करड्यापेक्षा जास्त पैसे, आणि तिथून युरोपभरच्या दरबारांत भेट म्हणून. बोटीवर ससाण्यांना खायला जनावरं बरोबर न्यावी लागायची. १९०३ ते १९१९ आइसलंडच्या राजचिन्हावर पांढरा ससाणाच होता, आणि १९२१ पासून तिथला मोठा सरकारी सन्मान ससाण्याच्याच नावाने दिला जातो. तर चित्रातला हा राजेशाही थाट कुठून आला हे लक्षात आलं असेल. ज्यांनी पैसे देऊन चित्रं काढून घेतली त्यांच्यासाठी जायर म्हणजे दागिना होता.

मन्सूर याच परंपरेत बसतो आणि बसतही नाही. त्याला जहांगीरने नादिर-उल-अस्र हा किताब दिलेला. टर्की कोंबडा गोव्याहून १६१२ मधे दरबारात आला तेव्हा त्याचं चित्र, १६२१ मधे झेब्रा आला त्याचं चित्र, सायबेरियन क्रौंच, बंगाली तणमोर, सगळं त्याने केलंय. मन्सूरच्या नावावर असलेली ससाण्यांची चित्रंही जगातल्या म्युझियममधे आहेत. मुघल ससाण्याचं चित्र बघायची एक पद्धत सांगतो. पक्षी बाजूने दाखवलेला, अड्ड्यावर बसलेला, मागे जवळजवळ काहीच नाही. ना कडा, ना बर्फ, ना आभाळ. कारण हे कुठल्या जातीचं चित्र नसून त्या एका पक्ष्याचं आहे, दरबारातल्या सरदाराचं काढतात तसं. आता एकेका पिसाच्या कडेकडे बघा, खूण कुठे थांबते, कुठे फिकी होते. जहांगीर लिहितो त्या काळ्या खुणा हा चित्रकार मोजत बसला असेल असं वाटतं. ऑड्युबॉनच्या आधी दोनशे वर्षं, आणि कुठलंही लॅटिन नाव देण्याची घाई नाही, त्यामुळे या बाबतीत चूकही नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकात ज्याने खरा फरक पाडला तो जोसेफ वोल्फ. जर्मन शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८२०, लहानपणापासून रानात पक्षी बघत फिरायचा आणि काढायचा. श्लेगेल आणि वुल्वरहॉर्स्ट यांचा ससाणापालनावरचा भलामोठा ग्रंथ १८४४ ते १८५३ मधे निघाला, त्यात हातमोज्यावर बसलेला पांढरा ग्रीनलंडचा जायर आहे, खऱ्या आकारात. तो वोल्फचा. १८४८ मधे तो लंडनला गेला, १८५६ मधे जॉन गूल्डबरोबर नॉर्वेलाही जाऊन आला. वोल्फचा ससाणा बघितला की कळतं की याने जिवंत पक्ष्याचं वजन बघितलंय. पाय कसे पकडतात, पिसं थंडीत कशी फुगतात, मान खांद्यात कशी जाते. बाकीच्यांचे पक्षी बऱ्याचदा भुसा भरलेले दिसतात, कारण ते खरंच भुसा भरलेले होते. ऑड्युबॉन निदान ताजा मारलेला पक्षी तारेने पाटीवर टांगून, मागे चौकटी आखून काढायचा, माप चुकायचं नाही पण पक्षी कधी कधी अशा कोनात वळतो की जिवंत पक्ष्याने तसं केलं तर मान लचकेल.

मेलेल्या पक्ष्यावरून चित्र काढण्यात एक खाच आहे, ती जायरमधे फार महत्त्वाची. पिसं वाळली तरी रंग बऱ्यापैकी टिकतो, पण चोचीच्या मुळाशी असलेली उघडी कातडी, डोळ्याभोवतीचं कडं, पाय, यांचा रंग मेल्यावर उडतो. जायरमधे मोठ्या पक्ष्याचं हे सगळं पिवळं असतं आणि पहिल्या वर्षाच्या पक्ष्याचं निळसर-राखाडी. म्हणजे वय ओळखायची मोठी खूण तीच, आणि म्युझियममधल्या कातड्यात तीच नसते. कातड्यावरून काढणारा चित्रकार अंदाजाने रंग भरणार. म्हणून लुई अगासिझ फुएर्तेससारख्या अमेरिकन चित्रकाराला लोक इतके मानतात, तो १८९९ च्या हॅरिमन मोहिमेत अलास्काला गेला, आयुष्यभर मोहिमांवर फिरला आणि पक्षी हातात आला की रंग उडायच्या आत डोकं आणि पाय रंगवून घ्यायचा. १९२० मधे नॅशनल जिओग्राफिकमधे ससाणापालनावरचा त्याचा स्वतःचा लेख आला, चित्रंही त्याचीच.

कातड्यांवर किती भरवसा ठेवायचा हे खान्देशाएवढं कोणाला माहिती असणार खरं तर. रानपिंगळा, ते छोटं घुबड, आठवतो ना? जेम्स डेव्हिडसन हा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात आपल्या भागात पक्षी गोळा करायचा, त्याने मिळवलेले रानपिंगळे लंडनच्या म्युझियममधे गेले, १८८४ नंतर पक्षी कोणाला मिळेना. मधेच रिचर्ड माइनर्टझागेन नावाच्या इंग्रज पक्षी-संग्राहकाकडे एक निघाला, लेबलवर गुजरात, १९१४. लोक तिकडे शोधत बसले. पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो डेव्हिडसनचाच चोरलेला पक्षी, शिवण उसवून पुन्हा भरलेला, खोटं लेबल लावलेला. ते लेबल बाजूला ठेवून खऱ्या जागांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मधे शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. सगळं चुकलेलं होतं ते लेबलमुळे. जायरच्या तीन-चार जाती झाल्या त्याही एका अर्थी लेबलमुळेच, फक्त तिथे कोणी लबाडी केली नव्हती.

आता आजच्या काळात, चित्रांची जागा रील्सनी घेतलीय. माझा भाचा मोबाईल घेऊन आला, “मामा, हा पांढरा गरुड बघ, हा आपल्या तोरणमाळला येतो का?” म्हटलं आधी गरुड म्हणू नको आणि दुसरं म्हणजे पाय बघ त्याचे. पायात वादी होती. आखाती देशांत ससाणे पाळायची मोठी परंपरा आहे आणि तिथे पांढऱ्या जायरला वेड्यासारखी मागणी, पण अस्सल जायरला उष्णता सोसत नाही. त्यात फुफ्फुसाला बुरशीचा आजार, ॲस्परगिलोसिस, याला फार लवकर होतो, कारण जिथला तो आहे तिथल्या थंड हवेत असले बुरशीचे कण फारसे नसतातच, अंगात प्रतिकार नाही. म्हणून तिकडे त्यांना एसीत ठेवतात, आणि बरेच पक्षी जायर आणि सेकर, किंवा जायर आणि बहिरी, यांच्या संकरातून पिंजऱ्यात वाढवलेले असतात. आपल्या जळगाव-भुसावळचा मे महिना त्याला एक दिवस दाखवला तर काय होईल सांगायला नको.

त्यामुळे रीलमधे पांढरा ससाणा दिसला की आधी पाय बघायचे, वादी किंवा कडी आहे का. मग मागचं बघायचं, वाळू आहे की बर्फ. मग चोचीचं मूळ आणि पाय, पिवळे की निळसर, यावरून वय. पांढऱ्यातसुद्धा ठिपके कसे आहेत ते बघा, वाढलेल्या पक्ष्यात पाठीवर आडव्या छोट्या खुणा जास्त, पहिल्या वर्षाच्या पक्ष्यात उभे फराटे जास्त. एवढं जमलं तरी तुम्ही रीलखाली कॉमेंट करणाऱ्या निम्म्या लोकांच्या पुढे गेलात.

मग भाच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, “मामा, असा एक आपल्याकडे पाळता येईल का रे?” नाही भो. आपल्याकडे ससाण्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, लग्गड धरला तर थेट गुन्हा, आणि जायरफाल्कन वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या पहिल्या यादीत आहे, म्हणजे रानातून धरलेल्याचा व्यापार बंद. बघायचाच असेल तर पैसे साठव आणि आइसलंडला जा, तिथे १९४० पासून तो संरक्षित आहे. त्यावर म्हणे, “तोपर्यंत?” तोपर्यंत म्हटलं हिवाळ्यात सकाळी गाडी काढू, माळावरचे टॉवर बघत जाऊ, दुर्बीण तुझी, पेट्रोल माझं.